डावीकडून दुसरा

गुरुवार, १३ नोव्हेंबर १९८०

काकड्याहून परत येताना धुकं इतकं होतं की देवळापासून घरापर्यंतची गल्ली कुणीतरी पुसून घेतल्यासारखी झाली होती. कोष्टीपुऱ्यातल्या मागांचा खटका तेवढा ऐकू येत होता. त्याच्या मागं मागं चालत घरी पोचले. दारापुढच्या छपरीत धुक्याचा एक गोळा बसला होता. जवळ गेले तर बाई होती.

"गुरुजीचं घर हेच काय जी?"

"हेच. कुठून आल्या?"

"कोंढ्याकडून. काल सांजेच्या मोटारीनं आली. स्टँडावर निजली."

हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी पडली होती, म्हणून आजपासून इथं लिहिते. कधी कुणाच्या हाती लागली तर समजावं, म्हणून एवढं सांगते. आणीबाणी उठली त्या वर्षी लक्ष्मणराव वकिलांनी आणि ह्यांनी मिळून लोकहक्क समिती काढली. कुणाला ठाण्यात मारलं, कुणाला मजुरी न देता हाकललं, की समिती अर्ज करते आणि नागपूरच्या वर्तमानपत्रांना बातमी पाठवते. बातमीचं खातं ह्यांच्याकडे आहे. ह्यांचं अक्षर लागत नाही, म्हणून नक्कल मी करते. बाकी समितीत माझं काम चहाचं.

हे अजून उठले नव्हते. बाईला चहा दिला आणि कागद घेऊन मीच बसले. नाव कुंताबाई. नवऱ्याला पोलिसांनी मंगळवारी मंडईतून, दिवाळीनंतरच्या जत्रेतून, नेलं. हा दंडारीत, मंडईतल्या नाच-सोंगांच्या खेळात, नाचतो. साऱ्या मंडळाचा मुक्काम गिरणीवाल्याच्या छपरीत होता. सकाळी त्या घरातला सोन्याचा गोफ नाहीसा झाला. हा सोंगासाठी लुगडं मागायला आत गेला होता, म्हणून ह्यालाच धरलं. लुगडं मालकिणीनं आपल्या हातानं दिलं होतं. तेव्हापासून ठाण्यावर विचारलं की म्हणतात, असा कुणी इथं नाही. (ठाण्याचं नाव लिहू नको असं ह्यांचं म्हणणं. नदीपलीकडचं ठाणं म्हणते.)

"नवऱ्याचं नाव?"

ती तुळशीकडे पाहत राहिली. मीही ह्यांचं नाव घेत नाही, तेव्हा समजले.

"देवाचं आहे?"

"किसनाचं."

"गोपाळ? मुरलीधर?"

"रंगाचं जी."

"घनश्याम?"

तिनं पदर तोंडाला लावला. एवढ्या दुःखात थोडी लाजलीसुद्धा.

मग कनवटीला गुंडाळलेला फोटो काढला. एकच आहे, मागल्या वर्षी मंडईत काढलेला. दंडारीचे सहा गडी रांगेत उभे. त्यात एकजण लुगड्यात, नाकात नथ, कमरेवर हात. "हा माहा," ती म्हणाली. "लई गोजिरा दिसते ना?"

खरंच दिसतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

समितीची बैठक आमच्याच छपरीत. वकीलसाहेबांनी बातमी सांगितली, मी लिहून घेतली. फोटोखाली मी लिहिलं होतं, "लुगडं नेसलेला तो घनश्याम."

"हे काढा वहिनी," वकीलसाहेब म्हणाले. "नागपूरवाले हसतील. माणूस जिवानिशी गेला की राहिला हा प्रश्न, आणि लोक लुगडं पाहत बसतील. नुसता कितवा तो लिहा."

"बरोबर आहे," हे म्हणाले.

मी ते खोडलं. "डावीकडून दुसरा" असं लिहिलं. सुबक दिसलं. हे दुपारच्या मोटारीनं नागपूरला जाऊन देऊन आले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

स्वप्नात वैनगंगेचं पात्र होतं आणि धुक्यात सहाजण पाण्यावरून चालत होते. मी काठावरून मोजत होते. मोजलं की ते जागा बदलायचे. कुणी रागावलेलं नव्हतं. पाण्याला आवाज नव्हता, नुसता माग चालल्यासारखा खटका.

काकड्याला शोभाताई भेटल्या. मागच्या गल्लीतल्या पोलीस जमादारांच्या घरच्या. देवळाच्या पायरीवर हळूच म्हणाल्या, "सुमनबाई, आंबेहळद आहे का घरी?"

"आहे. कुणाला लागलं?"

"आमच्या ह्यांचे पाय दुखतात. नदीपलीकडं ड्यूटी, जाऊन येऊन सायकल. सुजतात."

वाटीभर दिली. घरची आहे, विकत थोडीच आणायची.

सोमवार, १७ नोव्हेंबर

बातमी आली. दुसऱ्या पानावर, चौकटीत. मी लिहिलेली वाक्यं जशीच्या तशी, एक काना इकडचा तिकडे नाही.  आपण चुलीपुढं बसून लिहिलेलं नागपुरात कुणी अनोळखी माणूस चहा पिता पिता वाचत असेल, हे मनात आलं आणि दूध उतू गेलं.

फोटोत एकट्या माणसाचं तोंड कापून घेतलं आहे. मिशा दिसल्या आणि डोक्यावर काहीतरी. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "शाई फाकली असेल. वर्तमानपत्राचे फोटो असेच असतात." मी कागद देवापुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर. एकादशी

उपास. शोभाताईंनी पुन्हा आंबेहळद मागितली. "जरा जास्त द्या," म्हणाल्या. भजनात त्यांचं लक्ष नव्हतं. मान खाली घालून झांज हातात नुसती धरून बसल्या होत्या.

दुपारी जमादार गल्लीतून गेले, सायकल चांगली तरातरा मारत. म्हटलं, चला, गुण आला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज लिहायला हात होत नाही, तरी लिहिते.

त्याच वर्तमानपत्रात त्याच पानावर ठाण्याचा खुलासा आहे. "बेपत्ता म्हणून ज्याचा फोटो छापला तो इसम आपल्या घरी धान मळताना आढळला." सोबत फोटो. खळ्यावर उभा माणूस, तोच, मिशांचा. समितीनं जनतेची दिशाभूल केली असंही आहे.

वकीलसाहेब आले. चप्पल न काढता छपरीतच उभे राहिले. वर्तमानपत्रानं परत पाठवलेला मूळ फोटो त्यांच्याकडे होता. तो पुढं धरून म्हणाले, "वहिनी, डावीकडून दुसरा कोणता, दाखवा."

मी लुगड्यावर बोट ठेवलं.

"हा उजवीकडून दुसरा आहे."

"त्यांच्या डावीकडून," मी म्हटलं.

 मग माझ्या ध्यानात आलं. आपल्या देवळात रुक्मिणी विठोबाच्या डाव्या हाताला. लहानपणापासून समई मांडायची, विडा ठेवायचा, तो देवाच्या डाव्या-उजव्यानं. फोटो हातात घेतल्याबरोबर मी न कळत त्या माणसांच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि तिथून मोजलं. मोजलं ते बरोबर. पण वाचणारे समोर उभे होते.

लुगड्याचं ते एक वाक्य राहू दिलं असतं तर तोंड चुकलं नसतं. हे मी वकीलसाहेबांना म्हटलं नाही. इथं लिहिते.

ह्यांचं पोट बिघडलं. शाळेच्या अध्यक्षांनी सायंकाळी बोलावलं होतं, तिथून आले ते जेवलेच नाहीत. बाहेर काहीतरी खाल्लं असावं. ओवा दिला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

मिशांचा माणूस आला. सोबत कुंताबाई. नाव भैय्यालाल, दंडारीत राजा होतो. उंच, आवाज खणखणीत. छपरीत शिरल्या शिरल्या म्हणाला, "मले कोनं बेपत्ता केलं?"

"मी," म्हटलं.

माझ्याकडे बघून तो जरा गडबडला. त्याला कुणी बाप्या भेटेल असं वाटलं असावं.

"बाई, माह्या सासुरवाडीहून मानसं आले बसायले. सासू रडतच घरात शिरली. मी भाकर खाऊन रायलो होतो. तिनं मले पायलं, न् आनखीच रडली."

कुंताबाई हसली. मला धीर आला.

"न् थो पोलीसवाला," भैय्यालाल खाली बसत म्हणाला, "मले मने, उभा राय, फोटो काढाचा हाये. मी म्हटलं, साहेब, मी भैय्यालाल. थो मने, तुले कोनं नाव विचारलं?"

तेवढ्यात वकीलसाहेब आले. त्यांचं म्हणणं, आता गप्प राहावं. चार दिवसांत लोक विसरतात, मग सावकाश अर्ज करू. समितीची अब्रू गेली तर पुढं कुणाचंच काम करता येणार नाही. ह्यांनीही मान हलवली.

कुंताबाई इतका वेळ खांबाला टेकून होती. ती म्हणाली, "आता तर कागदावर थो घरी आला जी. उद्या त्याले काई झालं, तं मी कोनाले मागू? ठाणेवाले मनतीन, आमी तं घरी दाखवला होता."

 मागचा माग थांबला होता की मलाच ऐकू येत नव्हता, माहीत नाही. माझ्याच अक्षरानं मी त्या माणसाला घरी पोचवून आले होते, आणि तो अजून ठाण्यातच होता.

"दुसरं पत्रक काढायचं," मी म्हटलं.

"वर्तमानपत्र छापणार नाही आता," हे म्हणाले.

"रविवारी एकोडीची मंडई हाये," भैय्यालाल म्हणाला. "आमची दंडार हाये तिथं. सारा मुलूख येते. पेपर कोन वाचते वं बाई, मंडई तं सारेच पायतेत."

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "सायक्लोस्टाइलचं यंत्र माझं वापरा, शाई वापरा. पण पत्रक तुमच्या नावानं निघू द्या वहिनी. प्रसिद्धी चिटणीस म्हणून." ह्यांनी लगेच होकार दिला. एवढी मोठी जागा मला देताना दोघांपैकी एकालाही विचार करावा लागला नाही. खरं सांगते, ऊर भरून आला.

शनिवार, २२ नोव्हेंबर. कार्तिक पौर्णिमा

काकडा संपला. वकीलसाहेबांच्या हापिसात बसून स्टेन्सिलवर टोकदार लेखणीनं लिहिलं. फार दाबलं की फाटतं, कमी दाबलं की उमटत नाही. रांगोळीची सवय कामी आली. फोटो छापता येत नाही, म्हणून सहाजणांचं चित्र रेघांनी काढलं. मुकुटाखाली लिहिलं, "हा भैय्यालाल. हा घरी आहे." लुगड्याखाली लिहिलं, "हा घनश्याम. ह्याला मंडईतून नेलं. हा कुठं आहे?" वर समितीचं नाव. खाली माझं.

पाठकोऱ्या कागदांवर छापलं. कोरे कागद कशाला नासायचे.

सायंकाळी नदीवर दिवे सोडायला गेले. शोभाताई तिथं होत्या. माझ्या बोटांची शाई पाहिली. मी पत्रक दाखवलं. त्यांनी वाचलं, घडी केली, चोळीत ठेवलं आणि आपला दिवा माझ्या दिव्याच्या मागं सोडला. दोन्ही बरेच दूर जाईपर्यंत दिसत होते. त्या म्हणाल्या, "असतो हो माणूस. जाईल कुठं?" देवावर त्यांची चांगली श्रद्धा आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

एकोडीला जाऊन आले. हे पोटामुळं आले नाहीत.

मंडई म्हणजे काय सांगावं. बैलबंड्या, धूळ, जिलबीचा वास, नव्या लुगड्यांचा करकर आवाज, बहिणींकडे आलेले भाऊ. दुपारच्या उन्हात धूळ अशी सोनेरी तरंगत होती की माणसं जमिनीवर टेकलीच नाहीत असं वाटे. कुंताबाई आणि मी पत्रकं वाटत फिरलो. अर्ध्या लोकांनी न वाचताच घेतली. जिलबीवाल्यानं गठ्ठाच मागितला. द्यावा की नाही, विचार पडला. मग दिला. त्यानं पत्रकात जिलब्या बांधून दिल्या. लोक जिलबी खाऊन झाली की बोटं चाटत कागद वाचू लागले. तेलात भिजल्यावर चित्र दोन्ही बाजूंनी दिसायचं.

दंडार सुरू झाली. झाडाखाली रिंगण. राजा आला, मुकुट घालून. ढोलकी वाजली. नाचणारीची जागा मोकळी ठेवली होती. गडी त्या जागेला वळसा घालून नाचत होते, जणू तिथं कुणी आहे. पायांची धूळ उडायची, तेवढ्या एका तुकड्यावर नाही उडायची. बघता बघता मला तिथं लुगड्याचा काठ दिसू लागला.

मग राजा थांबला. ढोलकी थांबली.

"परधानजी," भैय्यालाल म्हणाला, "पेपरात आलं का मी हरवलो."

"आलं महाराज."

"मी तं इथं हावो."

"सरकार मनते, सापडले महाराज, खेळ खतम."

लोक हसले. भैय्यालाल हसला नाही. त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून उभा राहिला.

"राजा सापडला. मंग माही नाचनारीन कोनं ठेवली?"

कुणी तरी मागून ओरडलं, "घनश्याम कुठं हाये?" मग दुसरं कुणी. मग बायका. कुंताबाईनं माझा दंड घट्ट धरला होता. जन्मात तिनं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं, आणि आता सारी मंडई ते घेत होती. तिचे ओठ हलताना मी पाहिले. आवाज आला की नाही, ते त्या गलक्यात सांगता येत नाही.

रिंगणाच्या कडेला दोन शिपाई होते. ते जिलबीचा कागद वाचत होते.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज करडीहून एक कापडवाला आला होता. तो ह्यांना म्हणाला, तिकडच्या मंडईत दुसऱ्याच मंडळानं नाचणारीची जागा मोकळी ठेवली. आमचं एकही पत्रक तिकडं गेलेलं नाही. बोलणं कागदाच्या पुढं चाललं आहे.

वकीलसाहेबांना हुरूप आला. भैय्यालालचं प्रतिज्ञापत्र करून कोर्टात अर्ज दिला. म्हणाले, "मी आधीपासून म्हणतच होतो, लोकांपर्यंत जायला पाहिजे."

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सापडला. आज भल्या पहाटे कोंढ्याच्या रस्त्यावर एका बांधाला टेकून बसलेला होता. कुणी आणून सोडलं ते धुक्यात कुणाला दिसलं नाही. जिवंत आहे. भैय्यालाल सांगायला आला, आणि सांगता सांगता मुकुट नसलेल्या डोक्यावर हात ठेवून छपरीत बसून राहिला. गोफ म्हणे मालकिणीच्या भावाकडे निघाला.

देवापुढं साखर ठेवली. शोभाताईंना सांगायला गेले. त्या दारातच बसून रडल्या. किती हळव्या आहेत.

रविवार, ३० नोव्हेंबर

वकीलसाहेबांनी प्रश्न लिहून दिले होते. कधी नेलं, कुणी मारलं, कशानं, किती जण होते. जबानी घेऊन या, उद्याच नागपूरला जायला हवी, गरम आहे तोवर. हे म्हणाले, "तूच जा. तूच चिटणीस."

दुपारी पोचले. धान कापून झालेलं, शेतं मोकळी. खळ्यावर तणसाचा ढीग, त्यावर ऊन. त्या उन्हात घनश्याम झोपला होता. फोटोतला वाटत नव्हता, आणि वाटतही होता. एक हात कमरेवर तसाच.

"उठवू काय जी?" कुंताबाईनं विचारलं. "आल्यापासून रातभर टक्क जागा रायते. दार वाजलं का उठून उभा रायते. आजच डोळा लागला."

"राहू दे," म्हटलं. "बसते थोडी."

तळपाय माझ्याकडे होते. सुजलेले, काळेनिळे, आणि त्यावर पिवळे डाग. "आंबेहळद लावली का?" विचारलं.

"मी नाई लावली. आला तवाच पिवळे होते. कोनं लावली विचारलं, तं सांगत नाई."

आंबेहळद काय, घरोघर असते.

मी कागद मांडीवर घेऊन बसले. तणसाचा वास, कुठं तरी कुंभा पक्षी बोलत होता, ऊन हळूहळू त्याच्या पायांवरून वर सरकत होतं. झोपेत तो दोनदा दचकला. दोन्ही वेळा कुंताबाईनं नुसता हात ठेवला आणि तो निवला. एका दचक्यात डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या लेखणीकडे पाहिलं. मी ती पदराखाली घेतली. डोळे पुन्हा मिटले.

वकीलसाहेबांचे प्रश्न मी मनात वाचून पाहिले. एकेका प्रश्नासाठी ह्याला परत तिथं जावं लागणार होतं. माझी मोटार सांजेची होती. ऊन तोंडावर आलं तसं आम्ही दोघींनी तणस रचून सावली केली. तो तसाच झोपलेला असताना मी निघाले. कागद कोराच.

सोमवार, १ डिसेंबर

वकीलसाहेब फार रागावले. "वहिनी, हातातोंडाशी आलेलं घालवलंत. आता ते लोक त्याला दमात घेतील, तो बोलायचा नाही." असंही होईल. ते चूक म्हणत नाहीत. रात्रभर मलाही तेच वाटत होतं, की ह्या कामाला मी नालायक आहे.

"उद्या वर्तमानपत्राला काय देणार?" त्यांनी विचारलं.

"देते लिहून."

हे म्हणाले, "माझं नाव कुठं घालू नको."

चुलीवर भात होता. तो उतरेपर्यंत लिहिलं, वाचून पाहिलं, एकही शब्द बदलला नाही. नक्कल इथं ठेवते.

"कोंढ्याजवळचे दंडारीतील स्त्रीपार्टी कलावंत घनश्याम हे घरी आले आहेत. इतके दिवस ते कुठं होते, हे त्यांना माहीत आहे आणि त्यांना ठेवणाऱ्यांनाही माहीत आहे. मागील बातमीतील फोटोची चूक माझी होती. सध्या ते झोपले आहेत. उठल्यावर त्यांना बोलावंसं वाटलं, तर समिती ऐकून घेईल. तोवर पोलिसांनी, पत्रकारांनी किंवा समितीच्या माणसांनी, कुणीही त्यांना उठवू नये."